मोटारीची डमणी

मी बऱ्हाणपुरात भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव, पगार, लग्न झालंय का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या हातातली ट्रंक घेतली, ओट्यावर ठेवली, वाकून तिच्या कडीकडे पाहिलं आणि खिशातून पेचकस काढून कडीचा स्क्रू आवळला. मग ट्रंकेवर रंगवलेलं माझं गाव वाचून म्हणाले, "नगरपासून असा ढिलाच घेऊन आले का?"

खोली मिळाली. तीन वर्षं तिथं राहिलो, आणि त्या तीन वर्षांत माझ्या मालकीची एकही वस्तू कुरकुरली नाही. खाट, खुर्ची, छत्री, चष्म्याची काडी, सगळ्यांवरून त्यांचा हात फिरलेला. बुधवाऱ्यात, म्हणजे आमच्या पेठेत, लहानथोर त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागलो. जन्म कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात गेलेला. निवृत्तीनंतर माग सुटले, पण पाना काही सुटला नाही. लोक कोटाच्या खिशात रुमाल ठेवतात, नाना पाना ठेवत. त्यामुळे त्यांचा कोट डाव्या अंगाला कायम लोंबलेला असे.

जगात काही बिघडतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "बिघडत काही नही मास्तर, ढिलं होते," असं ते दिवसातून चार वेळा म्हणत. मी तिथल्या शाळेत नवाच शिक्षक, म्हणून मी मास्तर. आमचे हेडमास्तर चिडके होते, तेही नानांच्या मते कुठंतरी ढिलेच झालेले. त्या दिवसांत संस्थानं विलीन होत होती. मी संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी आणि एकेक राज्य नकाशातून पुसलं जाई. नाना मान डोलवत. "चांगलं होऊन राहिलं. इतके सुटे तुकडे होते, आता आवळून घेऊन राहिले."

या स्वभावापायी मला कुठं कुठं मान खाली घालावी लागली ते सांगत बसलो तर दिवस जाईल. एकच सांगतो. गल्लीत एक गृहस्थ वारले. आम्ही दोघं भेटायला गेलो. माणसं गप्प बसलेली. गेलेल्यांचा भाऊ ज्या खाटेवर बसला होता ती त्याच्या प्रत्येक उसाशाला करकरत होती. तिसऱ्या उसाशाला नाना उठले. मी त्यांच्या धोतराचं टोक धरलं, पण माणूस गेला तो थेट खाटेखाली. आतून ठकठक आवाज येऊ लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. थोड्या वेळानं नाना धूळ झटकत बाहेर आले. भावानं उसासा टाकून पाहिला. खाट गप्प. त्या दुःखातही तो म्हणाला, "बारा वर्सं झाले नाना, हे कोनाले जमलं नही." पुढं त्या घरी नानांना लेकीच्या लग्नात पहिल्या पंगतीचा मान होता.

मोटार आमच्या घरी आली तीही अशीच, नाना भलत्याच वस्तूच्या मागे गेले असताना. सातपुड्याच्या अंगाला एक चिमुकलं संस्थान होतं. ते विलीन झालं, राजेसाहेब शहरात राहायला निघाले आणि वाड्यातल्या वस्तू विकायला निघाल्या. तिथं लोखंड कातायचा एक लेथ आहे असं कुणीतरी नानांना सांगितलं. नाना लेथ आणायला गेले आणि चौथ्या दिवशी लांबलचक निळी मोटार चालवत परत आले. लेथ आधीच गेला होता म्हणे. मोटारीच्या मागच्या काचांना राणीसाहेबांसाठी लावलेले रेशमी पडदे अजून होते. नाकावर कंपनीचा बिल्ला नव्हता. तो ढिला होता म्हणून नानांनी वाटेतच काढून खिशात टाकला होता, त्यामुळे ती कुठल्या कंपनीची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिले काही दिवस ती इतवाऱ्यातून गेली की दोन-तीन म्हातारे दुकानदार सवयीनं उठून मुजरा करत. नाना आतून ओरडत, "अरे बसा, मी हाय!"

आता माईंकडे येतो. माई म्हणजे नानांची बायको. उंचीनं नानांच्या खांद्याला, पण बोलायला फटकळ. मोटार आली त्याच आठवड्यात नानांनी त्यांना मागे बसवून तापीवरच्या राजघाटाला न्यायचं ठरवलं. माईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. मी पुढं बसलो. जुनी मोटार ती, चालली की या कुशीवरून त्या कुशीवर वळायची. इतवाऱ्याच्या वळणावर पडद्याआडून आवाज आला, "थांबवा." माई उतरल्या, एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, आणि सकाळी खाल्लेलं सगळं गटारात गेलं. मग उठून पायी घरी आल्या, पाय धुतले आणि अंगणात उभं राहून जाहीर केलं, "मी मरून गेली तरी मले या गाडीत घालू नका."

त्या दिवशी नानांनी काहीही आवळलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून होते. मी म्हटलं, नाना, जाऊ द्या, हौसेची वस्तू आहे. तेव्हा त्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

आमच्या नगरकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि दुपारची झोप. तापीकाठी तिला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी आलीच पाहिजे. झाडाझाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात, ज्या आईची लेक आली नाही ती आई दारात बसून राहते. माईंचं माहेर तापीच्या खालच्या अंगाला, केळीच्या बागांतलं एक खेडं. दर आखाजीला त्यांचा भाऊ डमणी पाठवी. डमणी म्हणजे वर छत घातलेली, दोन बैलांची गाडी. पाच वर्षांपूर्वी भाऊ गेला, मागोमाग बैल गेले, डमणी मोडून पडली. आगगाडी तिकडं जात नव्हती, बसनं जावं तर माईंना बसही लागायची. आई अजून होती. ऐंशीच्या पुढं गेलेली, डोळ्यांनी जवळजवळ अधू.

"पाच आखाज्या झाल्या, गेली नही," नाना म्हणाले. "बोलत नही ती काही. पन आखाजीच्या दिवशी घासलेलेच भांडे पुन्हा घासत बसते. तिच्यासाठी आनली मी मोटार. लेथ होता तिथं. घ्यायचाच असता तर घेतला असता."

 नानांना मी तोवर नुसताच विक्षिप्त समजत होतो. त्या संध्याकाळी मला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी माईंची उलटतपासणी सुरू केली. जेवताना विचारत, "डमनीत लागत होतं का कधी?"

"नही."

"दगडाधोंड्यातून गेली तरी?"

"दगडाधोंड्यातून गेली तरी नही. जेवा आता."

"रेल्वेत?"

"नही म्हटलं ना."

"आखाजीच्या झोक्यावर?"

माईंचा वाढता हात थांबला. "झोक्यावर मी बसतच नव्हती. दोन हेलकावे झाले की मळमळे. मी आपली बाकीच्याइले ढकलायची."

नाना उष्ट्या हातानं उठले आणि अंगणात धावले. मीही मागोमाग. त्यांनी मोटारीच्या छताला डावा हात लावून तिला ढकललं. मोटार डुलली, परत आली, पुन्हा डुलली. "पाहा मास्तर, हा झोका हाय! डमनी आदळते, पन डुलत नही. तुमच्या माईले आदळनं लागत नही, डुलनं लागते!"

मोटारीला खाली चार कमानी असतात, पोलादी पट्ट्यांच्या. प्रत्येक कमानीची टोकं वळवून त्यांचे कान केलेले असतात, कानातून बोल्ट जातो, आणि बोल्टला धक्का बसू नये म्हणून मध्ये रबराचं एक नळकांडं असतं. त्याला बुश म्हणतात. आमच्या मोटारीचे बुश जास्त शिजलेल्या वांग्यासारखे झाले होते. स्टेशनाजवळचा मेकॅनिक म्हणाला, "नाना, बंबई से नये रबर मंगा लो, मखमल जैसी चलेगी." नानांनी त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो पान थुंकायच्या निमित्तानं उठून गेला. "मखमल कोनाले पाहिजे? मले डमनी पाहिजे."

सगळं जग मोटार मऊ करायच्या मागे, आणि आमचे नाना ती टणक करायला बसले. आधी बाभळीच्या लाकडाचे बुश तासून घातले. ते इतके किंचाळले की शेजारच्या मुलाचा ताप पुन्हा चढला, आणि दोन दिवसांत चिरले. मग एका सकाळी नाना पेटीतून पिकर घेऊन आले. मागावर धोट्याला या टोकाहून त्या टोकाला भिरकावणारा म्हशीच्या कातड्याचा ठोकळा असतो, तो पिकर. दिवसभर हजारदा मार खातो, तरी फुटत नाही. महिनोन्‌महिने कसल्याशा उग्र तेलात मुरवलेला असतो, म्हणून. नानांनी गिरणीतले बाद झालेले डझनभर जपून ठेवले होते. "इतका मार खाऊन जे सरळ राहते ना मास्तर, तेच पाहिजे आपल्याले."

शाळेला सुट्टी लागायची होती, पण माझी सुट्टी मोटारीखालीच जाणार हे मला कळून चुकलं. मोटार विटांच्या थरांवर चढवली. लांब बोल्ट, पाइपाचा एक तुकडा आणि जाड वायसर, एवढ्या सामानावर नाना जुना बुश कानातून ओढून काढत. पाना फिरवायचं काम माझं. पिकरचे तुकडे गिरमिटानं भोकं पाडून, कानशीनं घासून ते गोल करत, दहा वेळा लावून बघत आणि अकराव्यांदा पुन्हा घासत. स्वयंपाकघराच्या खिडकीत माई भाजी निवडत बसलेल्या असत. "पोरं मातीत खेळतात, हे मोटारीखाली खेळून राहिले," असा एखादा शेरा अधूनमधून येई. मोटारीकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

आठही बुश बसले, नानांनी जीव खाऊन सगळे बोल्ट आवळले, आम्ही विटा काढल्या. मोटार खाली बसेचना. अंग फुगवून ताठ उभी. नाना अर्धा तास जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या कपाळावर एक चापट मारली. आयुष्यभर आवळत आलेल्या माणसाचं आवळणं चुकलं होतं. "हवेत असतानी आवळली मी. जिच्यावर वजन यायचं हाय, तिले वजन आल्यावर आवळायची!"

सगळे बोल्ट पुन्हा सैल केले. आता वजन पाहिजे. पुढं मी बसलो. मागच्या जागेवर माई बसणार, तर तिथं माईंइतकंच वजन हवं, हा नानांचा हट्ट. त्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "अवं, तुझं वजन किती असंल?" आतून ताटली आपटल्याचा आवाज आला. मग नानांनी अंदाजानं सरकीचं एक पोतं आणून मागे ठेवलं, थोडं दूर जाऊन पाहिलं, आणि आणखी अर्धं पोतं आणलं. माई तरातरा बाहेर आल्या. दीड पोत्याकडे पाहिलं. "ही मी का?" नाना म्हणाले, "रस्त्यात खाशील काही, त्याचं धरलं." माईंनी स्वतः उभं राहून अर्धं पोतं उतरवायला लावलं तेव्हा कुठं आवळाआवळी झाली.

मोटार आता डुलत नव्हती. मात्र वाटेतला एकूण एक दगड ती आपल्याला वेगळा सांगायची. पेट्रोल तेव्हा कुपनांवर मिळे, म्हणून त्या दिवशी एकच फेरी मारली. घरी आल्यावर मी जिभेनं दात चाचपून पाहिले.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. त्यानंतर चौथ्या सकाळी मोटारीखाली सात कुत्री होती. तेलात मुरलेलं म्हशीचं कातडं म्हणजे त्यांची दिवाळीच. मोटार निघाली की बुधवाऱ्यातली सगळी कुत्री मागे, आणि उभी राहिली की खाली. माई म्हणाल्या, "राजाची गाडी, आता कुत्र्याइची पालखी झाली." नानांनी कडुलिंबाचं तेल चोपडलं. सहा कुत्री पांगली. एक तपकिरी कुत्रा तेवढा राहिला, त्याला बहुधा कडू आवडत असावं.

आखाजीची सकाळ उजाडली. नाना तोंडानं काही म्हणाले नाहीत, नुसती मोटार दारात आणून उभी केली. माई ओट्यावर उभ्या. पुरणपोळ्यांचा डबा बांधलेला होता, म्हणजे मन अर्धं तयार झालेलं होतं. त्या खाली आल्या, मोटारीच्या चाकावरच्या पत्र्याच्या पंख्याला हात लावला आणि जोरानं ढकललं. मोटार हलली नाही. पुन्हा ढकललं.

"मांगं नही बसनार," त्या म्हणाल्या. "डमनीत मी पुढं बसायची, बैलाइच्या पाठी पाहत."

पोत्याच्या जागी मग मी बसलो, राणीसाहेबांच्या पडद्याआड.

गाव सुटलं, पक्का रस्ता सुटला, केळीच्या बागांमधली गाडीवाट लागली. मोटार ठाण ठाण करत चालली. पुढून माईंच्या बांगड्या वाजत होत्या आणि मधूनमधून "हा नाला नवा झाला व", "ही वीहीर तीच हाय" असं ऐकू येत होतं. माई खुशाल होत्या. मी नव्हतो. हादऱ्यांनी पोटात काय कालवलं गेलं कुणास ठाऊक, मला "थांबवा" म्हणावं लागलं आणि मी बांधावर जाऊन ओणवा झालो. माई पदर तोंडाला लावून हसल्या. "मास्तरले लागली व, मास्तरले!" मला चिंचेचा गोळा दिला. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी आणखी एकदा ओकायची माझी तयारी होती.

पुढच्या नाल्यात मात्र मागं खालून काहीतरी खटकन निघालं, आणि मोटार डुलायला लागली. एक हेलकावा, दुसरा. बांगड्यांचा आवाज थांबला. माईंनी डोळे मिटले.

नाना उतरून खाली वाकले. डाव्या बाजूचा मागचा बुश गेला होता, उरलेल्या तुकड्यावर दातांच्या खुणा होत्या. तपकिरी कुत्र्यानं रात्रीत काम उरकलं होतं. नानांकडे जास्तीचा पिकर नव्हता. पाना हातात असून काय करावं हे न कळलेले नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अजून दोन कोस वाट होती. परत फिरावं तर तोच हेलकावा. ते माईंना म्हणाले, "चुकलं माझं. पुढच्या साली..." आणि पाना खिशात टाकला. पुढच्या साली आई असेलच याची खात्री कोण देणार?

माईंनी डोळे उघडले. बाजूच्या केळीच्या बागेकडे पाहिलं. उतरल्या, पदर खोचला आणि बागेतल्या पडक्या खुंटाची वाळलेली सोपटं, म्हणजे खोडाभोवतीची सालं, सोलायला लागल्या. "आमच्या बाच्या डमनीचा आस खडखडला का तो हेच कोंबायचा," म्हणाल्या. पाटाच्या पाण्यात सोपटं भिजवली, पिळली, आणि बोल्टावर एकावर एक गुंडाळत गेल्या. बागेतल्या गड्यांनी ओंडका घालून मोटारीचं मागचं अंग उचललं. नानांनी हातोडीनं सोपट कानात ठोकलं. माईंनी बोटानं दाबून पाहिलं. "ढिलं हाय. अजून घ्या." पुन्हा ठोकलं. नानांनी पाना लावला तोच माई ओरडल्या, "आवळू नका! आधी खाली घ्या. वजन येऊ द्या. मास्तर, तुमी आत बसा."

नाना पाना तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"पाहता काय?" माई म्हणाल्या. "महिनाभर खिडकीत मी काय नुसती भाजीच निवडत होती?"

शेवटचे दोन कोस मोटार एकदाही डुलली नाही. ठाण ठाण आवाज करत आम्ही गावात शिरलो. कडुलिंबाला झोके टांगलेले, बाया गाणं अर्धं सोडून बघायला लागल्या. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक वाळलेली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली, कान आमच्याकडे वळवला. "कोनाची डमनी आली व?"

माई मोटार थांबायच्या आतच उतरल्या. मायलेकींचं काय झालं ते मी सांगत नाही, मी मुद्दाम पडद्याआडच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं म्हातारी लेकीचा हात धरून चाचपडत पुढं आली. मोटारीच्या तापलेल्या नाकावर तळवा ठेवला आणि पटकन काढला.

"लय तापले व बैल. लांबून आले. पानी दाखवा त्याइले."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. नाना हसले नाहीत. विहिरीवरून बादली भरून आणली, फडक्यानं झाकण उघडलं आणि मोटारीत पाणी ओतलं. आत गडगड आवाज झाला. म्हातारी मान कलती करून ऐकत होती.

"पिऊन राहिले," ती समाधानानं म्हणाली. मग विचारलं, "कोनाचे आनले व बैल? परत द्या लागतील का?"

नानांनी तोंड उघडलं, पण माईच आधी बोलल्या.

"आपलेच हाय, बय. आता दर आखाजीले येतील."